सोवळ्यापासून शुभवर्तमानापर्यंत : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करावयाचा झाला म्हणजे आपले अभ्यासक बहुधा दोनच वाटांनी जातात. एक वाट भाषेच्या इतिहासाची. तीवर फादर स्टीफन्स आणि त्यांचे १६१६ सालचे ‘क्रिस्तपुराण’ भेटते, पुढे मिशनऱ्यांचे कोश, व्याकरणे आणि छापखाने भेटतात. दुसरी वाट रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कवितेची; ती ‘फुलामुलांचे कवी’ ह्या लाडक्या बिरुदापाशी येऊन थांबते. दोन्ही वाटा चांगल्याच आहेत. परंतु ज्या प्रश्नासाठी हे सारे वाङ्मय निर्माण झाले, तो प्रश्न ह्या दोहोंच्या मध्ये तसाच पडून राहतो. शास्त्रात सांगितलेला धर्म माणसाच्या रोजच्या वागण्यात उतरतो तो कसा, किती काळाने, आणि कोणाच्या जिवावर? प्रवचनकाराला ह्याचे उत्तर सांगून भागते. साहित्यिकाला ते दाखवावे लागते. माझ्या मते मराठीत ते पुरतेपणी दाखविणारा ग्रंथ एकच आहे, आणि तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

हे विधान कित्येकांना विचित्र वाटेल. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून तिची कीर्ती निर्मळ विनोदाचे, मोकळ्या मनाचे आत्मचरित्र अशीच आहे. कीर्ती खरी आहे. मात्र ती अपुरी आहे. ह्या विनोदाच्या पोटी काय चालले आहे हे पाहावयाचे असेल, तर तिच्या आधीच्या ख्रिस्ती गद्याकडे एकवार नजर टाकली पाहिजे.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण तिचे नाव परीक्षेपुरते लक्षात ठेवतो. विधवांच्या दुःखाविषयी तिच्यात जी कळकळ आहे ती आजही मनाला भिडते. तथापि त्या पुस्तकातील यमुना आरंभापासूनच सत्य जाणणारी आहे. ती हिंडते, पाहते, हळहळते, चर्चा करते; पण तिच्या आत काही मोडत नाही आणि काही नव्याने घडत नाही. मत बदलण्याची प्रक्रिया वादात दिसते, जगण्यात दिसत नाही. पदमनजींचा हा दोष नव्हे. ते एका नव्या वाङ्मयप्रकाराचा पाया घालीत होते, आणि त्यांच्यापुढे वादविवादाची निकड होती. स्टीफन्सविषयीही असेच म्हणावे लागते. त्यांनी बायबलची कथा ओवीत आणली आणि मराठी भाषेचे मनःपूर्वक कौतुक केले. पण कथा सांगणे ही एक गोष्ट आणि त्या कथेने घरातली चूल कशी हलते हे सांगणे ही दुसरी.

आता टिळकांकडे येऊ. आम्हां बालाघाटकरांना टिळकांविषयी थोडी जवळीक वाटण्याचे एक कारण आहे. नागपूर आणि राजनांदगाव ह्यांच्या दरम्यान आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. तो लोहमार्ग गोंदियावरून जातो. म्हणजे मराठी ख्रिस्ती कवितेच्या इतिहासातील एक निर्णायक क्षण वैनगंगेच्या ह्या खोऱ्यातून जाणाऱ्या गाडीत घडला, आणि पुण्यामुंबईच्या कोणत्याही सभागृहात घडला नाही, असे आम्ही सीमेवरची माणसे जरा अभिमानाने म्हणतो. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले ते टीकाकाराच्या वृत्तीने. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे ते पुढे बोलत. त्यांचे अभंग व भजने मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही गाइली जातात. पण अभंग हा मुळी प्राप्तीचा किंवा आर्ततेचा उद्गार असतो. भक्त एक तर देवाला भेटलेला असतो, नाही तर भेटीसाठी तळमळत असतो. त्या दोहोंच्या मधला मंगळवार आणि बुधवार, पाणी भरण्याचा आणि उधारी चुकविण्याचा, अभंगाच्या कक्षेत सहसा येत नाही. तो ‘स्मृतिचित्रे’त आला.

ह्या ग्रंथाचा आरंभ आठवावा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की सारे घर त्याखाली दबून गेले. बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, कशाला कोणाचा स्पर्श झाला असेल ह्याची अखंड धास्ती, आणि त्या धास्तीचा सारा भार आईवर व मुलांवर. लक्ष्मीबाई हे सांगताना वडिलांवर चिडत नाहीत. त्या हसतात, आणि वाचकालाही हसवितात. परंतु हसता हसता वाचकाच्या ध्यानात येते की हा माणूस दुष्ट नाही, ढोंगीही नाही. तो भ्यालेला आहे. जगाने त्याच्या घरावर जो आघात केला तो त्याला धुऊन काढावयाचा आहे, आणि तो पाण्याने निघत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना येथे काय सुचवावयाचे आहे ते कळले असेल. यरुशलेमेहून आलेले परूशी व शास्त्री येशूच्या शिष्यांना न धुतलेल्या हातांनी जेवताना पाहतात आणि आक्षेप घेतात. प्याले, घागरी, तांब्याची भांडी धुण्याच्या त्यांच्या रूढींचा तेथे उल्लेख आहे. बाहेरून आत जाणारे माणसाला विटाळवीत नाही, आतून बाहेर येणारे विटाळविते, असे येशूचे उत्तर आहे. पाश्चात्त्य भाष्यकारांना हा अध्याय समजावून देण्यासाठी तत्कालीन यहुदी आचारांची लांबलचक टिपणे जोडावी लागतात. मराठी वाचकाला टिपणाची गरज नाही. ‘विटाळ’ हा शब्द आमच्या भागातील मुलांना अजूनही फोडून सांगावा लागत नाही. हे त्या शब्दाचे भाग्य म्हणावे की आपले दुर्भाग्य, हे ज्याने त्याने ठरवावे. लक्ष्मीबाईंनी ह्या अध्यायावर भाष्य म्हणून ती प्रकरणे लिहिली असा माझा दावा नाही. हे नाते जोडणारा मी आहे. पण मराठीत त्या अध्यायाचे याहून चांगले भाष्य मला ठाऊक नाही. टीकाग्रंथातील परूशी हा बहुधा हास्यास्पद दांभिक असतो. जलालपूरच्या ह्या घरातला गृहस्थ तसा नाही, आणि म्हणूनच येशूने ज्याच्याशी वाद घातला तो माणूस कसा असेल हे आपल्याला प्रथमच कळते.

वडिलांचे हे सोवळे मुलीच्या अंगात मुरले नसते तरच नवल. पती ख्रिस्ती झाला त्या दिवशी लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने घर बुडाले. काही काळ त्या पंढरपूरला आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे नगरला पतीजवळ आल्या, त्याही आपला आचार सांभाळून. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांचा बाप्तिस्मा होईपर्यंत जवळजवळ पाच वर्षे लोटली. ही पाच वर्षे हे ग्रंथाचे खरे मर्म आहे. पुष्कळ धर्मांतरकथांत एक रात्र असते, एक प्रकाश असतो, आणि सकाळी माणूस दुसराच होऊन उठतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मन आधी एक पायरी चढते आणि हात मागे राहतात. माणसांतील जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी कोणाचे पुस्तक पुढे न ठेवता आपल्याच बुद्धीने सोडविला. आणि तो सुटल्यावरही, दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे हे वेगळेच संकट होते. पंथाच्या सिद्धान्तांविषयीचा निर्णय पुष्कळ नंतरचा. आधी पाणी, मग अन्न, मग देव, असा हा क्रम आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो उलटा वाटेल. घर चालविणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो अगदी सुलटा आहे, कारण तिचा धर्म ज्या जागी राहत होता ती जागा स्वयंपाकघर हीच होती.

‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्राची गोष्ट आहे. तो यापो येथे दुपारी घराच्या धाब्यावर प्रार्थनेस गेला असता त्याला भूक लागते आणि दृष्टान्त होतो. आकाशातून उतरणाऱ्या चादरीत सर्व तऱ्हेचे प्राणी आहेत आणि ते मारून खाण्याची आज्ञा होते. पेत्र नकार देतो. तीन वेळा हेच घडते. मग कर्नेल्य नावाच्या परजातीय शताधिपतीची माणसे दाराशी येतात, आणि पेत्राला हळूहळू उमगते की प्रश्न प्राण्यांचा नव्हता, माणसांचा होता. पण गोष्ट येथे संपत नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की हाच पेत्र पुढे अंत्युखियास, यरुशलेमेहून काही मंडळी आली तेव्हा, परजातीयांच्या पंक्तीतून उठून वेगळा राहू लागला, आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. दृष्टान्त झालेला प्रेषितसुद्धा पंक्तीच्या भयाने मागे सरला. आचरणाला लागणारा काळ हा असा असतो. प्रार्थनेच्या पुस्तकांतून आणि आत्मिक उन्नतीच्या उपदेशपर पुस्तिकांतून तो गाळला जातो, म्हणून ती पुस्तके वाचून वाचक खजील होतो पण त्याला वाट सापडत नाही. लक्ष्मीबाई हा काळ गाळीत नाहीत. आपल्या चाचरण्याची त्यांना लाज नाही, आणि ते ओलांडल्याचा गर्वही नाही.

येथवर कोणी म्हणेल की हे तर स्तोत्र झाले. ‘स्मृतिचित्रे’ची खरी कठोर बाजू पुढेच आहे, आणि तिच्याविषयी आपल्या समीक्षेने फारसा तोंड उघडलेला नाही.

डोंगरावरील प्रवचनात मागणाऱ्याला देण्याची आणि उद्याची चिंता न करण्याची शिकवण आहे. टिळकांनी ती अक्षरशः घेतली. त्यांच्या हाती आलेला पैसा टिकत नसे. पाहुणे, गरजू, अनाथ मुले ह्यांना घराचे दार सदैव मोकळे. ते मनात येईल तेव्हा घराबाहेर पडत, रागावत, विरघळत, पुन्हा रागावत. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. चरित्रकारांना ह्यात संताची लक्षणे दिसतात, आणि ती आहेतही. परंतु उद्याची चिंता टिळकांनी सोडली म्हणून ती नाहीशी झाली नाही. ती लक्ष्मीबाईंच्या पदरात पडली. पीठ संपले आहे हे ज्याला ठाऊक नसते त्याला निश्चिंत राहणे फारसे अवघड नसते. लक्ष्मीबाईंना ते नेहमीच ठाऊक होते. त्या तक्रार करीत नाहीत असे नाही. त्या चांगल्या भांडतात, आणि त्या भांडणांचे वर्णन इतक्या निर्विष खेळकरपणे करतात की वाचक हसून पुढे जातो. थोडे थांबले पाहिजे.

मार्काच्या त्याच सातव्या अध्यायात हात धुण्याच्या वादाच्या मधोमध दुसरा एक प्रसंग आहे. आईबापांच्या पोषणासाठी जे द्यावयाचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पिलेले, असे म्हणून टाकले की मुलगा मोकळा होतो, अशी सोय रूढीने करून दिली होती. तिच्यावर येशू कडक शब्दांत कोरडा ओढतो. घरच्यांचे देणे देवाच्या नावावर टाकता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. टिळकांना ह्या वचनाच्या आरोपी म्हणून उभे करणे अन्यायाचे होईल. त्यांनी देवळाच्या पेटीत काही टाकले नाही, भुकेल्याच्या हातात टाकले, आणि स्वतःसाठी काहीच राखले नाही. तथापि एकाने घेतलेल्या व्रताचे उद्यापन दुसऱ्याने करावयाचे ही गोष्ट त्या अध्यायाच्या कक्षेबाहेरची आहे असेही मला म्हणवत नाही. सोवळ्यासाठी घराला वेठीस धरणारे वडील, आणि दयेसाठी घराला वेठीस धरणारे पती. दोघांच्या हेतूंत आकाशपाताळाचे अंतर आहे, आणि लक्ष्मीबाई ते अंतर पुरते जाणतात. म्हणूनच पतीविषयी त्यांच्या लेखणीत जे प्रेम आहे ते वडिलांविषयीच्या करुणेहून फार वेगळे आहे. पण दोन्ही घरांत मध्यरात्री चुलीपुढे बसून उद्याचा हिशेब करणारी बाईच होती. ‘स्मृतिचित्रे’ हे सत्य न उच्चारता सांगते.

ह्यात आणखी एक नाजूक पदर आहे. ज्या उदारपणाचा लक्ष्मीबाईंना त्रास झाला तोच उदारपणा त्यांच्याही अंगी येत गेला. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या दिवसांत त्यांनी परक्या मुलांना जवळ केले, आजारी मुलींची शुश्रूषा केली. वडिलांच्या घरी ज्या हातांना स्पर्शाची भीती शिकविली गेली त्या हातांनी प्लेगच्या रोग्यांना स्पर्श केला. ह्या स्थळी दुसरा एखादा लेखक थांबून दोन ओळी उपदेशाच्या लिहिता. लक्ष्मीबाई पुढच्या गमतीकडे वळतात. मला वाटते हा कलेचा संयम नव्हे. आपण काही विशेष केले ही जाणीवच त्यांना नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील नीतिमान माणसेही असेच विचारतात, की प्रभो, आम्ही तुला भुकेले केव्हा पाहिले?

आता एका वाङ्मयीन कोड्याकडे वळतो. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते; त्यांचे काही अध्याय होतात न होतात तोच १९१९ साली ते वारले, आणि उरलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी पुरा केला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने केलेले हे काम थक्क करणारे आहे. मग तेच ‘ख्रिस्तायन’ आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणी का वाचत नाही, आणि ‘स्मृतिचित्रे’ पिढ्यान्पिढ्या का वाचली जाते? काव्याची आवड ओसरली हे उत्तर सोपे आहे आणि मला ते पटत नाही. ‘ख्रिस्तायना’त लक्ष्मीबाईंना गोष्ट ठाऊक आहे, शेवट ठाऊक आहे, अर्थही ठाऊक आहे, त्यांना फक्त ओवी बांधावयाची आहे. तेथे त्या पतीचे व्रत पुरे करीत आहेत. ‘स्मृतिचित्रे’त अर्थ त्यांना आधी ठाऊक नाही. तो प्रसंगागणिक सापडत जातो, कधी निसटतो. शुभवर्तमानाचे नाव घेऊन लिहिलेल्या ग्रंथात शुभवर्तमान दुरून दिसते, आणि ज्या ग्रंथात त्याचे नाव क्वचित येते तेथे ते पाण्याच्या हंड्याजवळ उभे असते. धार्मिक वाङ्मय लिहिणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी ह्या दोन ग्रंथांचा एकत्र अभ्यास करावा, अशी माझी सूचना आहे.

ह्या ग्रंथाची मराठी बोलती, घरगुती, म्हणींनी भरलेली आहे. आणि हे केवळ शैलीचे वैशिष्ट्य नाही. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले तेव्हापासून मराठी बायबलपुढे एकच अडचण आहे: देवाने कोणत्या मराठीत बोलावे? पंडितांच्या, की परकरी मुलीला कळेल त्या? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या भाषांतरात दुसरी बाजू घेतली. त्या १९२२ साली वारल्या आणि ते बायबल १९२४ साली छापून झाले. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या ‘सुबोध बायबल’ने तोच मार्ग पुढे नेला, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा ही परंपरा मराठीची घरचीच आहे ह्याची उशिरा का होईना पोच मिळाली. लक्ष्मीबाईंनी बायबलचे भाषांतर केले नाही. पण बायबलच्या शिकवणीला प्रतिसाद देणारे मराठी मन कोणत्या बोलीत विचार करते, हे त्यांच्याइतके कोणी नोंदविलेले नाही.

‘स्मृतिचित्रे’च्या संक्षिप्त इंग्रजी अनुवादाला, जो १९५० साली निघाला, ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव दिले गेले. पतीच्या मागून जाणारी पत्नी असा त्याचा अर्थ करून कित्येक वाचक नाक मुरडतात, आणि तो अर्थ घेतला तर ते रास्तच आहे. लक्ष्मीबाई कोणाच्या मागून मुकाट जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. परंतु जुन्या इंग्रजी बायबलात हेच शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येतात. आपल्याला अजून प्राप्त झालेले नाही, आपण अजून पूर्ण झालेलो नाही, पण त्याच्या पाठीस लागलो आहोत, असे पौल तेथे म्हणतो. ह्या अर्थाने घेतले तर ते नाव ग्रंथाला चपखल बसते. २०१७ साली शांता गोखले ह्यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद मात्र मूळ नावानेच निघाला, आणि तेच बरे झाले. कारण चित्र म्हटले की त्यात पुढची पायरी दाखविण्याची सक्ती नसते.

ह्या ग्रंथाचे दोन वाचकवर्ग आहेत आणि ते एकमेकांकडे पाहत नाहीत. ख्रिस्ती मंडळ्यांत तो साक्षीचा ग्रंथ म्हणून वाचला जातो. तेथे टिळकांच्या रागाची पाने चटकन उलटली जातात. मंडळ्यांच्या बाहेर तो विनोदाचा नमुना म्हणून वाचला जातो. तेथे बाप्तिस्म्याची पाने उलटली जातात. पाठ्यपुस्तकांसाठी उतारे निवडणारेही बहुधा दुसऱ्या वर्गातले असतात. फजितीचा उतारा वर्गात रंगतो, मुले हसतात, तास सुटतो. ह्यात गैर काही नाही. पण वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण आणि पाणी पिण्याच्या निर्णयाचे प्रकरण ही दोन शेजारी ठेवून दहावीच्या वर्गात वाचून पाहावी. ह्या दोहोंमधले अंतर ह्या बाईने कसे कापले, एवढेच मुलांना विचारावे. आमच्या जिल्ह्यात एकाच बाकावर पोवारी, गोंडी, मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुले बसतात, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडतात तेव्हा कोण कोणाजवळ बसतो हे शिक्षकाला दिसत असते. त्या प्रश्नावर ती मुले काय म्हणतात ते ऐकण्यासारखे असते.